दोन्ही बाजूंना सिंह

सकाळी बीडहून माजलगावच्या एसटीत बसले. मांडीवर कॅमेरा, पिशवीत छोटा दिवा आणि काळं कापड. कंडक्टरने विचारलं, "लग्न हाय का कुनाचं?"

"नाही, एका नाण्याचा फोटो काढायचाय."

"मंग आमच्या बॅगेतली बी बघा. एकापेक्षा एक देखणी हायती!"

टाकसाळीत छापताना चुकलेल्या नाण्यांचा सूचिग्रंथ आम्ही काही मंडळी करतो आहोत. नियम कडक आहे: घासलेलं नाणं घ्यायचं नाही, घासलं की खुणा पुसल्या जातात. हा नियम मीच भांडून करून घेतलेला.

दोन्हीकडे ऊस दाटला आणि माजलगाव आलं. गयामावशी इथल्या बाजारात भाजी विकतात. त्यांच्या रुपयाला किराणावाल्या शेठने चारचौघांत 'खोटं' म्हटलं, तेव्हापासून त्या दुकानाची पायरी चढलेल्या नाहीत. फोनवर त्यांची एकच अट होती, "फोटूखाली लिवा, हे खरं हाय."

मावशींनी नाणं हातावर ठेवलं. सिंहमुद्रा आरशासारखी लखलखत होती.

"मावशी, घासलंत?"

"मंग! फोटूला बसायचं तर तोंड धुवायला नको? चिंच आन् राख लावली. कावून?"

मी नियम सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे मी खोटीच का?"

आता स्वतःच्याच नियमाशी भांडायचं, असं ठरवून मी नाणं उलटं केलं आणि ओरडलेच. मागची बाजू काळपट, जशीच्या तशी! आकड्याच्या जागी पुन्हा तोच सिंह, पण आरशातल्यासारखा उलटा, आत खचलेला. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की पुढच्यावर असा छाप उमटतो. टाकसाळीच्या चुकीचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

"ही बाजू कशी राहिली?"

"ती बिघडलेली हाय. बिघडलेलं कोन नटवतं, पोरी?"

फोटो झाले. भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची) ओरपून आम्ही थेट शेठच्या दुकानात गेलो. कॅमेऱ्यात नाणं मोठं करून दाखवलं, छाप कसा पडतो ते सांगितलं. शेठने कान खाजवला.

"टाकसाळीनंच घोळ घातला म्हना. चुकलं माझं. द्या मावशे, घेतो आता."

मावशींनी रुपया पदराच्या गाठीत बांधला. "आता मी न्हाई देत!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली, शेठही हसले.

परतीच्या एसटीत नोंद लिहिली: 'खरं नाणं. पुढची बाजू चिंच-राखेने घासलेली, मागची मूळची. मालक गयाबाई, भाजीविक्रेत्या, माजलगाव.' मालकाचं नाव छापायची आमच्यात पद्धत नाही. आता ती पद्धत पाडायला लावणार. चूक टाकसाळीने करायची आणि आळ बाजारात बसलेल्या बाईने सोसायचा, हे मला मान्य नाही. यावरून भांडण झालं तर होऊ दे.

कंडक्टर सकाळचाच निघाला. "झाला का फोटू?"

"झाला. तोंड धुऊन बसलं होतं."