दोन घरांची वलणी

आमच्या घरातून दोरी कधी बाहेर फेकली गेली नाही. मिठाईच्या खोक्याचा दोरा, सिमेंटच्या गोणीची उसवलेली शिवण, रद्दीच्या गठ्ठ्याची सुतळी, जे हाताला लागेल ते बोटांवर गुंडाळायचं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं, ही माझी सवय. बायको म्हणायची, "तुमच्या डब्यात पाळण्यापासून तिरडीपर्यंत सगळ्याची सोय आहे." तिनं थट्टेत म्हटलं होतं. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा अंगणात तिरडी बांधणाऱ्यांपैकी कुणीतरी सुतळी कमी पडतेय म्हणालं आणि मी आत जाऊन तोच डबा आणून दिला. डबा अजून आहे. त्यातली सुतळी मात्र मी त्यानंतर वापरत नाही, नवी आणतो.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होतो. फिटरला एक खोड असते, काम एकदाच करायचं आणि असं आवळायचं की परत बघायला लागू नये. म्हणून मला नायलॉनची दोरी आवडते. सडत नाही, उंदीर कुरतडत नाही, निरगाठ मारली की जन्माची बसते. बायकोला हे पटायचं नाही. घोसाळ्याच्या मांडवाला सुतळीच हवी, कारण वेल संपला की विळ्यानं सगळं सपासप कापून खड्ड्यात लोटता येतं आणि सुतळी वेलाबरोबर कुजून जाते. कुंपणाला काथ्या हवा. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायला सुती दोरा हवा, फडक्यावर घट्ट बसतो. शिळफाट्याचा आमचा दोरीवालाही तिच्याच पंथाचा. कशाला पाहिजे हे विचारल्याशिवाय तो दोरी कापत नाही. मी नुसतं नायलॉन द्या म्हटलं की तो चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, "पण कशाला?"

आमच्या मागच्या दारापासून शेजारच्या भाभींच्या मागच्या दारापर्यंत एकच वलणी होती. कपडे वाळत घालायला दोन घरांत एक दोरी. खोपोली आणि खालापूरच्या मधलं आमचं गाव, घरं एकमेकांना पाठ लावून उभी, मधे जेमतेम कुंपण. भाभींच्या यजमानांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. ते गेले तेव्हा मुलगा मुंब्र्याला स्थिरावलेला, त्यामुळे भाभी बरीच वर्षं एकट्याच राहत होत्या. त्या बायकोला वैनी म्हणायच्या आणि मला भावजी. वलणी या दोघींनीच ठरवून बांधली होती. एक लोखंडी कडी आमच्या भिंतीत, एक त्यांच्या, आणि मधोमध टेकूला दुबेळकं, म्हणजे वर दोन फांद्यांचा फाटा असलेला सरळसा वासा. दुबेळक्याच्या अलीकडे आमचे कपडे, पलीकडे त्यांचे. दर दसऱ्याला पावसानं कुजलेली दोरी काढून नवी बांधायची, एक वर्ष त्यांनी आणायची, एक वर्ष आम्ही. दोरी कायम सुती. सुती दोरी भिजली की आखडते, वाळली की सैल पडते, म्हणून भाभी आपल्या टोकाला दोन वेढे घेऊन सुरगाठ मारायच्या आणि दर शुक्रवारी ती सोडून पुन्हा ताणून बांधायच्या. मला तो उद्योग बघवायचा नाही. दर आठवड्याला सोडायची तर बांधायची कशाला, असं माझं म्हणणं.

माझ्या बाजूची कडी स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून आहे. पलीकडे भाभींनी ओला कपडा टाकला की दोरी ओढली जायची आणि इकडे कडी कुरकुरायची. रोज सकाळी साडेसहाच्या सुमाराला. बायको म्हणायची, "भाभी उठल्या," आणि चहाचं आधण ठेवायची. मी फिटर माणूस, घरात कुरकुरणारी कडी म्हणजे माझी नाचक्की. दोनदा तेलाची बुधली घेऊन निघालो तर तिनं हात धरला. म्हणाली, "राहू द्या. बोलते ती."

ती गेल्यावर त्या बोलण्याचा अर्थ मला कळला. रिकाम्या घरात माणसाला सकाळ झाल्याचं कुणी सांगत नाही. दूधवाला पिशवी अडकवून जातो, टीव्ही आपण लावला तर बोलतो. कडी कुरकुरली की मी उठायचो, आधण ठेवायचो. मग माझा सदरा, लुंगी, पंचा धुऊन अलीकडे टाकायचो आणि तिकडे भाभींची कडी कुरकुरत असणार. आमचं बोलणं आठवड्यातून चार वाक्यांचं. विधुर पुरुष आणि एकटी बाई, गावाला तोंड आहे, दोघंही जपून होतो. पण दिवसभरात दुसऱ्या माणसाकडून माझ्यापर्यंत येणारी अशी ती कुरकुरच असायची. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. भाभींना तर नाहीच.

गेल्या दसऱ्याला दोरीची पाळी आमची, म्हणजे माझी होती. मी शिळफाट्याला गेलो आणि हिरवी नायलॉन मागितली. दोरीवाल्यानं विचारलं, "कशाला?" वलणीला म्हटल्यावर म्हणाला, "वलणीला सुती न्या. ही घसरते." मी म्हटलं, "कापा तुम्ही." दसऱ्याला बांधली तेव्हा भाभींनी दोरीवरून हात फिरवला.

"भावजी, ही नको हो. ह्याच्यावर कापड र्‍हात नाय."

"चिमटे लावा. दहा वर्षं बघायला नको."

"दहा वर्षांनी कोन बघणार हाय," असं म्हणून त्यांनी आपल्या टोकाला नेहमीसारखी सुरगाठ मारली. नायलॉनला सुरगाठ धरत नाही, हे मला माहीत होतं. पटवून सांगायला हवं होतं. निरगाठ मारा म्हणून मी एकदा सांगितलं होतं खरं, पण जाऊन मारून दिली नाही. बाईच्या दारात उगाच कशाला उभं राहा, हे एक. आणि दुसरं, खरं सांगायचं तर, त्या ऐकत नाहीत तर भोगू देत, असंही मनात होतं.

आठ दिवसांनी भाभींनी गोधडी धुतली. ओली गोधडी म्हणजे काय वजन असतं ते धुणाऱ्यालाच ठाऊक. त्याच दिवशी मी एका बारशाला जायचं म्हणून पांढरा सदरा नीळ घालून वाळत टाकला होता. वारा आला, दुबेळकं कललं, कपडे घसरत घसरत मधे गोळा झाले, पलीकडची गाठ सुटली आणि सगळं चिखलात. मी बाहेर आलो तर माझा सदरा गोधडीखाली.

मी नको ते बोललो. "साधी गाठ मारता येत नाही तुम्हाला," म्हणालो, तेही कुंपणापाशी, चार माणसांना ऐकू जाईल असं. भाभी गोधडी उचलत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "दोरीच धड नाय, तर गाठ काय करील. वैनी असती तर तुमी असं बोलला नसता."

बायकोचं नाव काढल्यावर माझं डोकं फिरलं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण बायको माझ्यासाठी राखून ठेवायची. मी आतून सुरी आणली आणि दुबेळक्यापाशी दोरी कापली. त्यांची अर्धी गुंडाळून त्यांच्या कुंपणावर अडकवली. माझी अर्धी कडीतून सोडवली आणि मागच्या खांबापासून जांभळापर्यंत बांधली, निरगाठ मारून. मनासारखी ताणलेली. काम चोख झालं होतं आणि मला ते चोख वाटलंही.

भाभींनी आपली अर्धी बांधली नाही. ती हिरवी वेटोळी कुंपणावर तशीच लोंबत राहिली. त्या पुढच्या ओट्यावर कपडे वाळत घालू लागल्या. इकडे कडी गप्प झाली. पहिल्या दिवशी मी आठ वाजता उठलो. दुसऱ्या दिवशी साडेसहालाच जाग आली आणि छताकडे बघत पडून राहिलो. आठवडाभर मी रोज ठरवायचो की उद्या जाऊन बोलू आणि रोज म्हणायचो की आधी त्यांनी बोलावं.

मग एक दिवस दुपारी तीनच्या सुमाराला वाडीवरची कातकरी बाई जळणाचा भारा घेऊन आली. ती दर दोन दिवसांनी यायची, आधी भाभींकडे, मग माझ्याकडे. त्या दिवशी भारा डोक्यावर तसाच ठेवून तिनं मला हाक मारली. "बाबा, त्या भाभी दार उघडत नाय. आत कोनतरी कण्हतंय."

मागच्या दाराची कडी मी पहारीनं काढली. भाभी मोरीत पडल्या होत्या. सकाळी साडेसहाला पाणी घ्यायला गेल्या त्या पाय घसरून पडल्या, आणि तेव्हापासून तिथंच. खुब्याचं हाड मोडलं होतं, हे नंतर कळलं. बादलीतलं पाणी सांडून सगळं लुगडं भिजलेलं, ओठ निळे पडलेले. मला बघून त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भावजी, दोरी असती तर तुमाला सकाळीच कळलं असतं."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. माझी कडी वाजते हे, आणि मी ती ऐकतो हे. इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांना हजेरी देत होतो आणि ती हजेरीची दोरी मी माझ्या हातानं कापली होती. त्यांच्या आवाजात ठपका नव्हता, त्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या थंड फरशीवर साडेआठ तास पडून होत्या. कुंपणाच्या अलीकडे मी बसून शेंगा सोलत होतो.

टेंपो बोलावला. भाभींना फळीवर निजवलं तर रस्त्यात घसरू नयेत म्हणून बांधायला हवं होतं. मी धावत जाऊन कुंपणावरची हिरवी दोरी आणली. कातकरी बाईनं ती माझ्या हातातून काढून घेतली. "ही काचंल तिला," म्हणाली. तिनं आपला भारा सोडला. भारा केवणीच्या सालीनं बांधला होता, रानातली चपटी, ओली, मऊ साल. ती तिनं भाभींच्या कमरेच्या वर आणि गुडघ्याखाली फळीवरून फिरवली, आपण लहान पोराला झोळीत बांधतो तशा बेतानं. जळण अंगणभर पसरलं. टेंपो निघेपर्यंत तिनं ते पुन्हा गोळा केलं आणि माझ्या हिरव्या दोरीनंच बांधून नेलं. जाताना म्हणाली, "लाकडाला बरी हाय ही."

ऑपरेशन पनवेलला झालं. मुलगा आईला तिथूनच मुंब्र्याला घेऊन गेला, तिसऱ्या मजल्यावर. चांगला मुलगा आहे. एकदा येऊन घर बंद करून गेला आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. मी त्याला दोरीचं सांगायला तोंड उघडलं, पण तो घाईत होता. नंतर हिय्या करून भाभींनाच फोन केला. म्हटलं, "भाभी, चूक माझी होती." त्या म्हणाल्या, "वैनी म्हनायची तुमी तोंडानं वाईट, मनानं नाय. मी तिला म्हनायचे, तोंड पन बरं असतं तर काय बिघडलं असतं."

मी शिळफाट्याला गेलो. दोरीवाल्यानं विचारायच्या आधीच म्हटलं, "वलणीला. सुती." त्यानं विचारलं किती, मी पूर्वीचं माप सांगितलं. तो म्हणाला, "एकट्याला एवढी?" मी पैसे पुढे केले, त्यानं मोजून कापली. घरी येऊन माझं टोक बांधलं, दुबेळकं उभं केलं आणि किल्लीची गरज नसताना किल्ली खिशात घालून भाभींच्या मागच्या दारी गेलो. दोन वेढे, सुरगाठ. तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली.

आता दर शुक्रवारी मी तिकडे जाऊन गाठ सोडतो आणि ताणून पुन्हा बांधतो. भाभी फोनवर विचारतात, "दोरी सैल नाय ना पडली?" मी नाही म्हणतो. त्यांना आता काठी घेऊन चार पावलं टाकता येतात. तिसऱ्या मजल्यावरून उतरायचं मात्र डॉक्टरनं नको सांगितलंय. परत येण्याचं त्या बोलत नाहीत आणि मीही काढत नाही. माझे कपडे दुबेळक्याच्या अलीकडेच मावतात. पलीकडची दोरी मोकळी असते, तिच्यावर कधी बुलबुल बसतो, पण त्याच्या वजनानं काही होत नाही.

परवा शुक्रवारी गाठ बांधून झाल्यावर मी दोरी एकदा जोरात ओढून बघितली, ओला कपडा टाकल्यासारखी. माझ्या घराच्या खिडकीला लागून कडी आहे, ती नक्की कुरकुरली असणार. पण तिचा आवाज बारीक, भाभींच्या दारापर्यंत पोचत नाही. तो ऐकायला स्वयंपाकघरात कुणीतरी असावं लागतं.