बेकरीवालीचा दुसरा फोटो

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे झटपट म्हणत. समोरच्याला शिंक येणार हे त्याला कळायच्या आत झटपट फोटो काढून मोकळा, असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि पुरावा म्हणून सासरेबुवांचा तोंड वासलेला फोटो दाखवी. माणूस मोठा लाघवी. पण हाताला दम कसा तो नाहीच.

त्याच हातानं वर्षापूर्वी बेकरीच्या आगीचा फोटो काढला होता. माणसं वाचली, दुकान गेलं. बेकरीवाली फुटपाथवर फतकल मारून ओक्साबोक्शी रडत होती. पहिल्या पानावर चार कॉलम फोटो आला, संपादकसाहेबांनी पाठ थोपटली. आता वर्ष झालं म्हणून तोच फोटो पुन्हा छापायचा, आणि शेजारी नव्या बेकरीचा एखादा. तेवढा आणायला झटपट भरदुपारी तिथे पोचला.

बेकरी झकास उभी राहिली होती. बेकरीवालीनं त्याला लगेच ओळखलं. त्यानं येण्याचं कारण सांगितलं.

"तो रडका फोटो परत छापणार?"

"साहेबांचं तसंच ठरलंय."

"भाऊ, वर्षभर लोक पाव घ्यायला येतात आणि माझं तोंड बघत बसतात. करपलेला पावसुद्धा मुकाट्यानं नेतात. कुणी माझ्याशी धड भांडतसुद्धा नाही हो."

झटपट ओशाळला. त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "पाचच्या आत त्याच्या तोडीचा दुसरा आण, नाहीतर तोच जाणार."

तेवढ्यात तिचा नवरा मिशांना मैदा फासून आतून आला आणि भांग पाडत म्हणाला, "माझा काढा, मी गोरा दिसतो." बेकरीवालीला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. कॅमेरा वाजला. अहाहा, काय फोटो होता! असा आयुष्यात एकदाच मिळतो.

तिचं हसू मावळलं. "पुन्हा न विचारता?"

झटपटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं गळ्यातला कॅमेरा काढून तिच्या हातात दिला. "हे बटण दाबलं की पुसला जाईल."

तिनं बराच वेळ फोटो पाहिला आणि बटण दाबलं.

"अगं, छान होता," नवरा हळहळला.

"होता," ती म्हणाली.

मग ती आत गेली, केस विंचरून आली आणि गल्ल्यामागे ताठ उभी राहिली. "हं, आता काढा."

"थोडं हसा की, ताई."

"नाही हसणार."

साहेब फोटो पाहून भडकले. "ओळखपत्रावर लावायचाय का हा?"

"साहेब, हाच छापा," झटपट म्हणाला. "जुना छापलात तर खाली माझं नाव नको. आणि उद्यापासून मीही येणार नाही."

वीस वर्षांत तो साहेबांसमोर पहिल्यांदाच अडून बसला होता. साहेब बराच वेळ पुटपुटले आणि शेवटी हो म्हणाले.

सकाळी तो अंक घेऊन बेकरीत गेला. तिनं चष्मा लावून फोटो निरखला. कपाळ, केस, हात, सगळं जागच्या जागी होतं. ती खुशीत आली.

"आणखी एक अंक मिळेल का, भाऊ? आईला पाठवते. तो पहिला मी तिला दाखवलाच नव्हता."

झटपटनं पिशवीतले होते नव्हते तेवढे अंक तिच्यापुढे ठेवले.