भिंगवाल्या बाईंची सही

अवजारं धुणाऱ्या बाईला मीटिंगला बोलावलं, असं त्या इस्पितळात आजवर कधी घडलं नव्हतं. धुणारे तळघरात, ठरवणारे चौथ्या मजल्यावर, अशी तिथली वाटणी. पण या वेळी घोडं अडलं होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी खरेदीच्या साहेबांना एकदा वापरून फेकायची अवजारं आणायची होती. पाकीट फोडा, काम करा, टाकून द्या, धुण्याची कटकट नाही. मोठ्या सर्जनना मात्र जुनीच हवी होती, धुऊन पुन्हा वापरायची. दोघंही हटेनात, तेव्हा अधीक्षक म्हणाले, "भिंगवाल्या बाईंना विचारू. त्या म्हणतील तसं करू."

बाई बावीस वर्षं एकच काम करत होत्या. लांब, सडपातळ अवजारं सुटी करायची, पोकळ नळीतून ब्रश घालायचा, तो स्वच्छ बाहेर येईपर्यंत घालत राहायचा, मग भिंगाखाली एकेक सांधा बघायचा आणि कागदावर सही करायची. कोणी घाई केली की म्हणायच्या, "तुमच्याच पोटात घालायचं असतं तर केली असती का हो घाई?" भले भले डॉक्टर आल्या पावली परत जायचे.

सगळ्यांत खोडकर अवजार म्हणजे हूक. त्यातून वीज जाते आणि त्याच्या टोकानं आतलं मांस कापतात. बाकीच्या दांड्यावर काळं आवरण असतं. त्या आवरणाला केसाएवढी चीर पडली, तर वीज मधूनच निसटते आणि कॅमेऱ्याला दिसत नाही अशा जागी आतड्याला चटका बसतो. ही चीर भिंगाला दरवेळी सापडतेच असं नाही. त्यासाठी एक छोटं यंत्र होतं. चीर असली की ते ओरडायचं.

गेल्या वर्षी बाईंचे यजमान गेले. आठवड्यानं बाई कामावर हजर. धाकटी जाऊ म्हणत होती, "ताई, थोडं थांबा हो, एकदा मोकळेपणानं रडून घ्या." पण रडू येतच नव्हतं, मग घरात बसून भिंती मोजायच्या का? त्या दिवशी नेमका यंत्राचा सेल संपला. नवा सेल दोन मजले वर, भांडारात. एरवी बाईंनी भांडारवाल्याला सळो की पळो करून सोडलं असतं. त्या दिवशी त्यांनी हूक भिंगाखाली धरला, काही दिसलं नाही, सही केली.

चार दिवसांनी पित्ताशय काढलेली एक बाई परत भरती झाली. आतड्याला भोक. दुसरं ऑपरेशन, तिसरं, तीन महिने पोटाला पिशवी. जगली बिचारी. चौकशीत निघालं काय, तर असं कधी कधी होतं! बाईंनी नवा सेल आणून तो हूक तपासला. यंत्र ओरडलं. त्यांनी हूक भंगाराच्या डब्यात टाकला आणि कुणापाशी ब्र काढला नाही. यानं तरी आत काही हलायला हवं होतं. पण जेवण जायचं, झोप लागायची. त्याचंही त्यांना काही वाटेना. लोक म्हणायचे, नवऱ्याच्या दुःखानं दगड झाल्यात.

आता चौथ्या मजल्यावर मोठे सर्जन सांगत होते, "बावीस वर्षांत यांच्या कामाबद्दल एक तक्रार नाही. असे हात घरात असताना कचऱ्याचे डोंगर कशाला करायचे?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तळघरातल्या चौघींच्या नोकऱ्या टिकल्या असत्या, बाईंची अब्रूही.

"अवजारं चांगली आहेत, तीच ठेवा," बाई म्हणाल्या. "पण माझ्या सहीवर विसंबू नका." आणि त्यांनी सेल, हूक, भंगाराचा डबा, सगळं सांगितलं, वाण्याला यादी सांगावी तसं. आवाज कुठे चढला नाही की उतरला नाही.

खरेदीच्या साहेबांना खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तेही खाली बघत बसले.

मोठे सर्जन म्हणाले, "वर्षभर मी समजत होतो, माझाच हात घसरला. अवघड ऑपरेशनं मी दुसऱ्यांना देऊन टाकली. बाई, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मला कोणी विचारलंच नाही, हे उत्तर बाईंच्या जिभेवर आलं होतं. ते खरंही होतं. पण ते तोंडातून काढायची त्यांना लाज वाटली. यजमान गेल्यापासून त्यांना काही वाटलं ते पहिल्यांदाच, आणि इतक्या जोरात की त्यांना टेबलाची कड धरावी लागली.