नर्सबाईंवरची पाळत

चालता चालता त्या एकदम थांबायच्या. उजव्या हाताचं बोट वर जायचं, मान किंचित कलायची आणि समोर जे काही असेल त्याच्याकडे बघत म्हणायच्या, "थांबा वाईच. हे कायतर सांगालंय."

समोर काय असायचं? गटारीच्या कडेला उगवलेलं पपईचं रोप. खांबावर लोंबणारी वायर. एकदा तर आमच्या दारातली उलटी पडलेली बादली. आपणही थांबायचो, निरखून बघायचो, पण आपल्याला बादलीच दिसायची. बाईंना मात्र तिच्यात काहीतरी ऐकू यायचं आणि ते फिरून फिरून शेवटी येशूपर्यंत जायचं. तोंड खाली करून बसलं तर देवानं कितीबी ओतलं तरी भरायचं कसं, असं काहीतरी.

तुम्ही म्हणाल, असतो एखादीचा स्वभाव. असतो की. पण माझाही एक स्वभाव आहे आणि तो संशयी आहे. भाजीवालीने मूठभर कोथिंबीर फुकट टाकली तर मी आधी तिची जुडी उलगडून बघतो. त्यात आमचं घर वडगावातलं, घरात दोन माग. दिवसभर खडखडाटात राहणाऱ्या माणसाचा हळू बोलणाऱ्यांवर तसाही फारसा भरवसा नसतो.

बाई आमच्या गल्लीत आल्या त्या निपाणीहून. तिकडच्या एका दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झालेल्या, एकट्या. आमच्या शेजारच्या आप्पांनी मागची खोली त्यांना भाड्याने दिली आणि धर्म कोणता ते मागाहून कळलं. रविवारी पांढरी साडी नेसून बाई कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या, चर्चला निघाल्या, तेव्हा आप्पा तोंडातला ब्रश तसाच धरून दारात उभे राहिले होते.

संध्याकाळी कट्ट्यावर विषय निघाला. आप्पा म्हणाले, "चर्च कॅम्पात, हिची माणसं कॅम्पात. मग ही वडगावात कशाला आली? कॅम्पातल्या खोल्या काय संपल्यात?"

प्रश्न बिनतोड होता. एकटी बाई, कुणाकडे काही मागत नाही, लेकरांना हाक मारून बोलते, आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसते. धर्म बदलायला लावणाऱ्यांबद्दल हल्ली मोबाइलवर काय काय येतं ते तुम्हालाही माहीत आहे. पाळत ठेवायची ठरली. पण पुरुषांनी एकट्या बाईच्या दारात उभं राहून कसं चालेल? तेव्हा माझी आई पुढे झाली.

"मी बसतो की तिच्याजवळ," आई म्हणाली. आमच्या भागात बायकाही 'मी जातो, मी बसतो' असंच म्हणतात. "साड्यांचं गोंडं बांधायचं हाईतच. हितं बांधलं काय आन् तिथं बांधलं काय."

दुसऱ्या दिवसापासून आई दुपारी साड्या घेऊन बाईंच्या पायरीवर बसू लागली. हात पदराच्या दशांत आणि कान बाईंकडे. संध्याकाळी कट्ट्याला खबर मिळायची.

"आज दुधाचं म्हणाली. दुधावरनं नजर हलली की उतू जातंय. राग बी तसाच, म्हणून येशू जागं ऱ्हावा म्हणतोय."

आम्ही त्या वाक्याचा कीस पाडायचो. राग म्हणजे कुणाचा राग? जागं राहायचं ते कशासाठी? दूध हा शब्द मुद्दाम तर वापरला नसेल? आता हसू येतं, पण तेव्हा चारचौघं गंभीर होऊन बसायचो.

एकदा आईने आणखी वेगळी खबर आणली. "ती म्हणाली, बसच्या पाटीवर कानडीत लिवलेलं असू दे न्हायतर मराठीत, बस जायची तिथंच जाती. देवाचं बी तसंच."

धर्माचं एक वेळ ठीक, पण पाटी? आमच्या सीमाभागात पाटी कानडीत की मराठीत यावरून डोकी फुटली आहेत. आप्पा म्हणाले, "ही बाई साधी न्हाय. ही कुणाच्या बाजूची हाय ते आदी बघाय पायजे."

शेवटी मी स्वतःच बाईंना गाठलं. विचारलं, "तुम्हाला सगळ्यात देव कसा काय दिसतो?"

त्या म्हणाल्या, "वार्डात पुस्तक उघडायला सवड गावायची न्हाय अण्णा. मग जे समोर असंल तेच वाचायचं. बेडपॅन असू दे न्हायतर कुणाचं रडणं. देवानं त्यात बी कायतर लिवून ठेवलेलं असतंय."

"आणि लोकांना हे सांगून तुम्हाला काय मिळतं?"

"काय न्हाय," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. ज्याला काहीच नको असतं त्या माणसाचा मला सर्वांत जास्त संशय येतो. चहा मात्र चांगला होता.

मग तो दिवस आला. आईबरोबर बाई आमच्या मागाजवळ आल्या होत्या. इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातला धागा तुटला आणि खडखडणारा माग जागच्या जागी थांबला. बाईंचं बोट वर गेलं.

मी वैतागून म्हणालो, "काही सांगत नाही तो. धागा तुटलाय."

"तेच तर सांगालंय अण्णा," त्या म्हणाल्या. "एवढं धागं धड हाईत, तरी एक तुटला म्हणून माग फुडं जाईना. माझ्या येशूचं बी असंच. एक माणूस हरवलं की बाकीचं किती हाईत हे तो बघत न्हाय. तो थांबतोय."

मी धागा जोडून माग सुरू केला. मागे वळलो तर आई खाली बसली होती, भिंतीला टेकून, डोळे मिटून. त्या संध्याकाळी तिने कट्ट्याला काही सांगितलं नाही.

आमच्या घरातलं हरवलेलं माणूस म्हणजे सुरेखा, माझी धाकटी बहीण. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी तिने लग्न केलं, तेव्हा वडिलांनी तिच्या नावाने अंघोळ केली होती. मेलेल्या माणसाची करतात तशी. पुढे वडील गेले, पण ती बंदी काही गेली नाही. ती उठवायची कुणी, तेच ठरेना. आई माझ्या तोंडाकडे बघायची, मी आईच्या. सुरेखा कुठे राहते हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर आईच्या खबरी बंदच झाल्या. दुपारी ती गोंडे बांधता बांधता हात जोडून बसलेली दिसायची, शेजारी बाईही तशाच. आप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नगो रं, पण तुझी आई फिरली."

आई या वयात आपला देव सोडणार, आणि आम्हीच तिला तिथे बसवलेलं. मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मी माझ्या अंबाबाईलाच हात जोडतो. ती तिच्याला जोडती. जोडायचं कारण एकच हाय." कारण काय, ते सांगेना.

आणि अमावास्येला आई नाहीशी झाली. अमावास्येला आमच्याकडे माग बंद असतात आणि शहाणं माणूस त्या दिवशी प्रवासाला निघत नाही. म्हणूनच त्या दोघींनी तो दिवस निवडला होता, बसमध्ये ओळखीचं कुणी भेटणार नाही म्हणून. पण माग बंद म्हणजे सगळे रिकामे पुरुष बाहेर, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बसस्टँडवर गप्पा हाणत बसलेल्या आप्पांना त्या दोघी निपाणीच्या बसमध्ये चढताना दिसल्या.

"अमावास्या बघून नेली रं," आप्पा धापा टाकत सांगत आले. मी मोटरसायकल काढली, आप्पा मागे बसले. वाटेत संकेश्वर कधी गेलं ते कळलं नाही. आप्पा मागून सांगत होते, निपाणीत यांची कुठेतरी प्रार्थना असणार, पाण्यात बुडवून धर्म बदलतात म्हणे.

निपाणीच्या स्टँडवर बाई एकट्याच बाकावर बसलेल्या. मांडीवर आईची पिशवी. 

"आई कुठाय?" मी विचारलं.

त्या उठून उभ्या राहिल्या. "हाय. बरी हाय. ईल आता."

"कुठाय ते सांगा."

"ते मला सांगता याचं न्हाय, अण्णा."

माझा आवाज चढला. माणसं जमली. आप्पा सगळ्यांना सांगू लागले की या बाईने म्हातारीला पळवून आणलंय, धर्म बदलायला. कुणी मोबाइल वर धरला, कुणी पोलिसांना बोलवा म्हणालं. एका पोराने बाईंच्या खांद्यावरची पर्स हिसकली, त्यातलं छोटं पुस्तक खाली पडलं आणि गर्दीला पुरावाच मिळाला. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. मी पुन्हा विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

तेवढ्यात गर्दी सारून आई आत आली आणि तिच्यामागे सुरेखा. केस पिकायला लागलेले, अंगाने भरलेली. पण तीच.

आई म्हणाली, "तिला कशाला बोलालास? मी माझ्या लेकीकडं गेलतो."

गर्दीचा रस गेला, माणसं पांगली. सुरेखा माझ्याकडे बघत होती. "दादा," एवढंच ती म्हणाली. मी म्हणालो, "बरी हैस न्हवं?" इतक्या वर्षांनी भेटलेल्या बहिणीला एवढंच विचारून मी गाडीकडे वळलो.

एका वाक्यात बाईंची सुटका झाली असती. म्हातारी लेकीकडे गेली आहे, एवढं म्हणायचं होतं. घरी आल्यावर मी त्यांना तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईनं सांगू नगो म्हटलं हुतं. तुमच्या घरातली गोष्ट मी स्टँडवर कशी सांगू?"

आईकडून बाकीचं कळलं. सुरेखाचं बाळंतपण निपाणीच्या त्याच दवाखान्यात झालं होतं आणि कळा देताना ती आईच्या नावाने ओरडत होती. उशाशी या बाई होत्या. माहेर कुठलं, गल्ली कुठली, हे त्यांनी तेव्हाच विचारून घेतलं होतं. म्हणजे त्या वडगावात आल्या त्या यासाठीच की काय? मी विचारलं. बाई म्हणाल्या, "खोली हवेशीर हुती." मला अजूनही ते पटलेलं नाही.

पण स्टँडवरचा तो व्हिडिओ तोवर सगळीकडे फिरला होता. म्हातारीला पळवणारी बाई. त्यात आईचं वाक्य कुणी ठेवलं नव्हतं. चार अनोळखी पोरं आप्पांच्या दारात येऊन चौकशी करून गेली, तसे आप्पा घाबरले. मी आप्पांना म्हणालो, खरं ते सगळ्यांना सांगू. ते म्हणाले, "मला कळालंय रं. पर लोकांस्नी कोण सांगंल?" बाईंनी त्यांना पुढचं बोलूच दिलं नाही. खोली सोडते म्हणाल्या.

त्या गेल्या त्या दिवशी गल्ली दारादारात उभी होती. बाईंचं सामान ते केवढं? एक ट्रंक, एक लोखंडी खाट, थोडी भांडी. टेम्पोवाला एकटा चढवून गेला असता. तरी ते चढवायला निपाणीहून सुरेखा आली होती. बाईंनीच तिला बोलावलं होतं. आमच्या घराकडे न बघता ती तडक मागच्या खोलीत गेली आणि ट्रंकेचं एक टोक उचलून बाहेर आली. दुसरं टोक मी धरलं. ट्रंक हलकी होती, दोघांची अजिबात गरज नव्हती. एवढ्याशा सामानासाठी इतक्या लांबून माणूस कुणी बोलावतं का, तुम्हीच सांगा.

जाताना बाईंनी आईचा हात धरला, मला नमस्कार केला. टेम्पो वळणावर गेला, पण त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. नंतर त्या कुठे गेल्या ते आम्हाला कळलं नाही. मला त्यांची फार आठवण येते.

सुरेखा रस्त्यात उभी राहिली. हात धुळीने भरलेले, तोंड बसस्टॉपच्या दिशेला. आई उंबऱ्यात चौकट धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

"हात धुवून घे," मी सुरेखाला म्हणालो. "चहा टाकलाय."

चहा कुणी टाकला नव्हता. आई लगबगीने आत वळली आणि सुरेखा तिच्यामागून घरात गेली.