शेजाऱ्यांची पोर

आमोस पाटोळे सुप्याच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर कामाला. कष्टाळू, निर्व्यसनी, दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. पण लोक काय म्हणतील, याची त्याला भारी धास्ती.

त्याची लेक शॅरन नऊ वर्षांची. मिक्सर लागला की ती कान दाबून मोरीत जाऊन बसायची. कपड्याची शिवण टोचते म्हणून रडायची. वाचताना ‘ब’ आणि ‘व’ यांची गल्लत व्हायची. आमोस तिला अभ्यासाला बसवायचा आणि शेवटी हात उगारायचाच. तिनं कान दाबले तरी मारायचा. ‘नाटकं करती’ हे त्याचं ठरलेलं. बायको, मरिया, मध्ये पडली की तिलाही बोलणी बसायची.

गेल्या नाताळात दुपारी चर्चच्या अंगणात कार्यक्रम होता. आमोसनं कारखान्यातल्या कल्याण साहेबांना मुद्दाम बोलावलं होतं. शॅरनला जाळीचा चमचमता फ्रॉक घातला होता. स्पीकर दणाणला आणि ती किंचाळली. सगळ्यांसमोर फ्रॉक ओरबाडत मातीत लोळली. कुणीतरी घाईनं गाणं बंद केलं.

“कुणाची हो पोरगी?” साहेबांनी विचारलं.

“शेजाऱ्यांची,” आमोस म्हणाला.

शॅरन तिथंच, त्याच्या पायाशी होती. ती एकदम गप्प झाली.

साहेबांना निरोप देऊन तो घरी आला, तर पोर घरात नाही. शेजारच्या चांगुणाबाईंच्या ओट्यावर ती अंग चोरून बसली होती.

“चल घरी,” तो म्हणाला.

“मी ह्यांची हाय ना?”

ती रुसली नव्हती. खरंच विचारत होती. चांगुणाबाईंनी एकदा आमोसकडं पाहिलं आणि त्या पोरीच्या केसांतली माती झाडू लागल्या. शेवटी मरिया आली आणि लेकीला पोटाशी धरून घरी घेऊन गेली.

शाळेनं विशेष शिक्षिका मोनिका मॅडमना भेटायला कधीचं सांगितलं होतं. सुट्टी संपल्यावर आमोस स्वतः शॅरनला घेऊन गेला. मॅडमनी विचारलं, “हिला कुठले आवाज सोसत नाहीत? कुठलं कापड चालतं?”

“ते हिच्या आईला ठावं,” आमोस म्हणाला.

“दादा, ही हट्ट करत नाही. तुम्ही मशीनवर कानात काही घालता का?”

“व्हय, इअरप्लग. त्याबिगर डोकं फुटंल.”

“हिला तुमचा मिक्सर तसाच ऐकू येतो.”

आमोस खाली मान घालून बसला. कान झाकले म्हणून आपण हिला किती वेळा मारलं, तेच त्याला आठवत राहिलं.

त्या संध्याकाळी त्यानं तिच्या सगळ्या कपड्यांची लेबलं ब्लेडनं उसवली. मिक्सर लावायच्या आधी तिला सांगायचं, असं घरात ठरलं. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे बापलेक कणकेची अक्षरं वळू लागली. ‘ब’च्या पोटातली रेघ बोटानं दाबली की तिच्या ध्यानात राहायची. पावसाळ्यापर्यंत ती अडखळत का होईना, न रडता ओळ वाचू लागली.

मग एकदा धीर करून आमोस कल्याण साहेबांसमोर उभा राहिला. “साहेब, नाताळात लोळत हुती ती पोर माझीच. मी खोटं बोललो.”

“कुठली पोर?” साहेबांना काहीच आठवेना.

आमोस मशीनकडं परतला. त्या दिवशी त्याला डबा गेला नाही.

आता घरी कुणी पाव्हणा आला की विचारायच्या आत तो सांगून टाकतो, “ही माझी लेक.” पण त्याआधी क्षणभर शॅरन त्याच्या तोंडाकडं बघते. ती नजर त्याला अजून सोसत नाही.