थोडक्यात सांगणारे काका

चष्मा कपाळावर सरकला की आम्ही ओळखायचो, काका आता म्हणणार, "थोडक्यात सांगतो." गिऱ्हाइकानं बाहेर गाडी चालू ठेवली असेल तर त्यानं ती आधी बंद करून यावी, हे उत्तम.

अमेरिकेत, पार्सिपनी गावात काकांची फार्मसी होती. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला पिझ्झावाला, मध्ये आम्ही. २००३-०४च्या सुमाराची गोष्ट. मी तिथे गल्ल्यावर होते. नववीतच शाळा सुटलेली, इंग्रजी बेताचं, दिरांनी बोलावलं म्हणून नवऱ्याबरोबर एवढ्या लांब आलेली. आज काढतील, उद्या काढतील, अशी सारखी धास्ती. पहिल्याच दिवशी माझ्या हातून खोकल्याच्या औषधाची बाटली फुटली आणि मी रडायलाच लागले.

"अगं, रडतेस काय? थोडक्यात सांगतो," काका म्हणाले. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः काय काय फोडलं, ती हकिगत सुरू झाली. ती संपेपर्यंत औषध फरशीवर वाळून गेलं. माझी नोकरी मात्र राहिली.

तुम्ही म्हणाल, असा माणूस धंदा कसा करणार? एक प्रसंग सांगते. एक निवृत्त इंजिनिअर ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आले. घाईत होते. काकांनी विचारलं, "काय, इंडिया ट्रिप कशी झाली?" झालं! पुतणीचं लग्न, जेवण, उकाडा, सगळं निघालं. बोलता बोलता ते म्हणाले, "आणि गोळ्या काय स्वस्त हो तिथे! वर्षभराच्या घेऊन आलो. त्या सकाळी घेतो, तुमच्या संध्याकाळी. तिकडच्या जरा माइल्ड असतात ना!"

काकांचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला. नाव वेगळं, औषध तेच, म्हणजे रोज दुप्पट डोस. "तरीच म्हटलं, जिन्यात गरगरतं कसं!" इंजिनिअर म्हणाले. पुतणीचं लग्न निघालं नसतं, तर हे कळलं असतं का?

पण आमच्या गिऱ्हाइकांना हळूहळू पत्रं यायला लागली. विमा कंपनी आणि फार्मसी यांच्या मध्ये एक तिसरी कंपनी बसलेली असते. कुठल्या गोळीचे दुकानदाराला किती द्यायचे, ते ती ठरवते. आणि तिचं स्वतःचंच टपालानं औषधं पाठवणारं दुकान होतं. रोजच्या गोळ्या आता आमच्याकडूनच मागवा, नाही तर विमा पैसे देणार नाही, असं ती लोकांना कळवायची.

"अंपायरच बॅटिंग करतोय!" काका म्हणायचे. "आणि आउट कोण द्यायचं? तोच!"

खरी मजा पुढेच आहे. काकू एका शाळेच्या ऑफिसात होत्या, विमा त्यांच्या नोकरीतून होता. म्हणजे फार्मसीवाल्याच्या बायकोच्या थायरॉइडच्या गोळ्या टपालानं यायच्या! काकू पाकीट घेऊन दुकानात आल्या की काका ते उलटंपालटं करून बघायचे, सुनेनं केलेली पुरणपोळी सासूनं बघावी तसे. "पॅकिंग बरं आहे," नाइलाजानं म्हणायचे. मग आत डोकावून विचारायचे, "पण बोलायला कुणी पाठवलंय का यात?"

अशी सक्ती कंपनीनं करू नये म्हणून कायदा करायचं राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला घाटत होतं. सुनावणी ठरली. ज्याला बोलायचं त्यानं नाव द्यावं, तीन मिनिटं मिळतील. काकांनी नाव दिलं. काकूंनी मला बाजूला घेतलं. "कायदा झाला तर दुकान राहील, नाही तर कुलूप," त्या म्हणाल्या. थोडक्यात सांगणं त्या घरात काकूंनाच जमायचं.

मागच्या खोलीत तालीम सुरू झाली. मी मायक्रोवेव्हला तीन मिनिटं लावायची आणि काका सुरू करायचे. पहिल्या दिवशी मायक्रोवेव्ह वाजला तेव्हा ते अमरावतीतच होते. दुसऱ्या दिवशी विमानात बसले.

"अहो, अमरावती गाळा की!" काकू म्हणाल्या.

"अमरावती गाळली तर मी कोण, ते त्यांना कसं कळणार?"

"तुम्ही कोण ते नकोय त्यांना. माझं पाकीट दाखवा आणि खाली बसा."

अखेर अमरावती गेली आणि भाषण वेळेत बसलं. आम्ही तिघं ट्रेंटनला गेलो. कंपनीचा एक तरुण मुलगा दोन रंगीत तक्ते दाखवून वेळेआधीच बसलासुद्धा. मग काकांचं नाव पुकारलं. अध्यक्षबाई भल्या होत्या. हसून त्यांनी विचारलं, "तुमचं आडनाव मी बरोबर उच्चारलं ना?"

काकांचा चष्मा कपाळावर गेला. काकूंनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, आय विल टेल इन शॉर्ट," काका म्हणाले आणि आडनाव कुठल्या गावावरून पडलं, तिथून निघाले. टेबलावरचा वेळ दाखवणारा हिरवा दिवा पिवळा झाला तेव्हा पणजोबा गाव सोडत होते. लाल झाला तेव्हा काका नुकतेच विमानतळावर उतरले होते. "नाऊ आय कम टू द पॉइंट," ते म्हणाले. बाईंनी आभार मानले आणि उरलेलं लिहून पाठवायला सांगितलं. काकूंचं पाकीट काकांच्या खिशातच राहिलं.

बाहेर आल्यावर त्यांनी ते काढलं आणि सगळं भाषण दारावरच्या सिक्युरिटी गार्डला ऐकवलं. तो धिप्पाड माणूस शेवटपर्यंत हलला नाही. म्हणाला, "माझ्या आईच्या गोळ्यापण अशाच येतात."

"एक मत आपल्या बाजूनं!" काका खूश.

"त्याला मत नसतं हो," काकू म्हणाल्या आणि गाडीकडे चालायला लागल्या.

तो कायदा समितीतच पडून राहिला. काका तीन मिनिटं नेमकं बोलले असते तरी तो झाला असता, असं मला वाटत नाही. वर्षभरात दुकान आवरायला काढलं. माझी झोप उडाली होती. काकांनी सुपरमार्केटच्या बेकरीतल्या मॅनेजरला फोन लावला आणि माझी थोडक्यात शिफारस केली. तो मॅनेजर मला नंतर म्हणाला, "तुला नोकरी दिली तेव्हा कुठे त्यांनी फोन ठेवला."

शेवटच्या दिवशी लोक येऊन विचारत होते, काय झालं, का बंद करताय? मी काउंटरवर कान देऊन उभी. काकांनी चष्मा वर सरकवला. "थोडक्यात सांगतो," ते म्हणाले. "परवडत नाही." आणि चष्मा परत नाकावर घेतला. इतकं थोडक्यात मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. मला ते सहन होईना. मी मागे जाऊन मायक्रोवेव्ह पुसत बसले.

पुढे काका-काकू मुलीकडे टेक्ससला, अर्विंगला गेले. मलाही प्रेशरच्या गोळ्या लागल्या. बेकरीच्या विम्यातून, टपालानं. आतला कागद मला धड वाचता यायचा नाही. मग मी काकांना फोन लावून गोळीचं नाव अक्षर-अक्षर वाचून दाखवायची. "थांब, थोडक्यात सांगतो," तिकडून आवाज यायचा. मी गॅस बंद करून खुर्ची ओढायची.

आता तो फोन उचलणारं कुणी नाही. पाकीट मात्र अगदी वेळेवर येतं.