अर्लिन ऑस्टबीचे अकरा पत्रे

वयाच्या तेविसाव्या वर्षी जे काम हौसेनं केलं, तेच त्र्याहत्तराव्या वर्षी स्वतःच्या हातानं उतरवायची पाळी अर्लिन ऑस्टबीवर आली. दुसरा एखादा खचला असता. अर्लिनची ती दोन वर्षं मात्र मोठी सुखाची गेली.

कॉटर्स फेरी हे मोंटानातलं नदीकाठचं गाव. रस्ता एकच, त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून सव्वीस दुकानं, आणि दोन टोकांना दोन चर्च. ऑस्टबींचं पत्र्याचं काम दोन पिढ्यांचं. अर्लिनचा बाप नॉर्वेहून आलेला. धान्याच्या कोठ्या आणि गुरांच्या पाण्याच्या टाक्या घडवणारा, कमी बोलणारा माणूस. १९६३ साली गावाबाहेरून नवा महामार्ग गेला आणि दुकानदार धास्तावले. आता गावात वळणार कोण? तेवढ्यात रंगीत पुस्तकं काखोटीला मारून एक विक्रेता आला. जुन्या विटांवर अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत पत्रे चढवा, म्हणाला. गाव कसं नवंकोरं दिसेल. दुकानदारांना ते पटलं. एकामागून एक अकरा दुकानांचे दर्शनी भाग अर्लिननं झाकून टाकले. पहिलं होतं टिबेट्सांचं औषधांचं दुकान. त्याला निळा-हिरवा पत्रा लागला.

बाप खाली उभा राहून बघत होता. त्यानं एवढंच सांगितलं, की बोल्ट विटेत मारू नकोस, विटांमधल्या चुन्यात मार. चुना परत भरता येतो, फुटलेली वीट सांधता येत नाही. अर्लिननं ते तंतोतंत पाळलं. फक्त एका ठिकाणी त्याचा इलाज चालला नाही. हार्डवेअरच्या दुकानाची कंगणी, म्हणजे माथ्यावरची पुढे आलेली नक्षीदार पट्टी, पत्र्याच्या आड येत होती आणि मालकाला ती नकोच होती. अर्लिननं ती पहारीनं पाडली. त्या दिवशी तो घरी जेवला नाही.

त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं गेली. राज्याच्या राजधानीतून नीना स्कलिच नावाची तिशीतली बाई आली. काउंटीतल्या जुन्या इमारती, पूल, शाळा यांची पाहणी करायची आणि देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत त्यांची नावं घालायची, हे तिचं काम. धान्याचं कोठार आणि नदीवरचा लोखंडी पूल तिनं लगेच पसंत केला. घोडं अडलं ते मुख्य रस्त्यावर. ग्रंथालयातल्या सभेत ती म्हणाली, की सगळा रस्ता एकत्र नोंदवायचा तर निम्म्याहून अधिक दुकानं आपल्या मूळ रूपात दिसायला हवीत. इथं तर सव्वीसातली अकरा पत्र्याआड आहेत, आणि आणखी चार मोडतोड करून पार बदललेली.

सभेत चाळीसएक माणसं होती. चाळीसही माना वळल्या त्या मागच्या खुर्चीवरच्या अर्लिनकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या अड्ड्यावर त्याची जी थट्टा झाली, तिला सुमार नव्हता. डॉयल वीलर, हार्डवेअरच्या दुकानाचा आताचा मालक, म्हणाला, "गावाचा इतिहास बुडवायला पूर लागतो, आग लागते. आपल्याकडे एकटा अर्लिन पुरला." अर्लिन हसला, टोपी उचलली आणि चालू लागला. घरी जाऊन त्यानं परांचीचे पाइप बाहेर काढले.

पत्रा उतरवण्याची मजुरी नको, उतरलेला पत्रा तेवढा माझा, असं त्यानं दुकानदारांना सांगितलं. त्यामुळे नाही म्हणायला कुणाला तोंड उरलं नाही. सुरुवात जुन्या बँकेपासून झाली. पहिला पत्रा खाली आला तसे आतून पाकोळ्यांच्या घरट्यांचे ढिगारे कोसळले. आणि त्यांच्या मागून लाल विटांची भिंत निघाली, पन्नास वर्षं ऊन न लागलेली, काल रचल्यासारखी. तिसऱ्या दुकानावर पिठाच्या गिरणीची रंगवलेली जाहिरात सापडली. माणसाएवढी अक्षरं. मग लोक घडीच्या खुर्च्या घेऊन समोर येऊन बसू लागले. "आज काय निघणार?" हा गावाचा प्रश्न होऊन बसला. अर्लिन एकेक बोल्ट पान्यानं सोडवी, भोकात चुना भरी आणि अंगठ्यानं सारखा करी. एकही वीट तडकलेली निघाली नाही. नीना एकदा परांचीवर चढून ते बघून गेली.

"मिस्टर ऑस्टबी, तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं का, हे परत उघडावं लागेल म्हणून?"

"छे, पोरी. बापाचा धाक होता एवढंच."

डॉयलच्या दुकानाचा पत्रा उतरला तेव्हा मात्र बघणारे खुर्च्यांवरून उठून पुढे आले. कंगणीच्या जागी नुसती ओबडधोबड, ठेचलेली कड होती. डॉयलनंही त्या दिवशी थट्टा केली नाही. अर्लिननं गावभर हिंडून जुने फोटो गोळा केले. एका लग्नाच्या फोटोत, नवरीच्या डोक्यावर, ती कंगणी नेमकी सापडली. मूळची तीही पत्र्याचीच होती. सगळा हिवाळा त्यानं शेडमधली शेगडी पेटवून नवी घडवली. कंगोरे ठोकायला लाकडी साचे केले, चार वेळा बिघडवले. हात पूर्वीसारखे चालत नव्हते, पण विसरलेही नव्हते. मार्चमध्ये कंगणी वर चढली. ऐन वेळी वारा सुटला तेव्हा डॉयलनंच खालून दोर धरला.

दहा झाली. राहिलं टिबेट्सांचं दुकान.

ल्यूएला टिबेट्स अर्लिनच्याच वर्गातली. नवरा, व्हर्न, जाऊन नऊ वर्षं झाली होती. औषधं आता कुणी तिच्याकडे फारशी घेत नसे, पण काउंटरवरचं आइस्क्रीम आणि 'पाय', म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, खायला अख्खी काउंटी येई. अर्लिन तर दर मंगळवारी. त्या मंगळवारी त्यानं हकलबेरीचा, डोंगरातल्या जांभळ्या रानफळाचा, पाय संपवला, बशी सरकवली आणि विषय काढला.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, ऐक तरी. आत सुंदर वीट आहे. मी पाहिलीय ना."

"मीही पाहिलीय. बावीस वर्षांची होईपर्यंत रोज पाहिली. काळी, कुबट वीट होती ती. माझ्या सासऱ्यानं मला त्या दुकानात एक खिळा ठोकू दिला नाही. तो रंग मी निवडला, अर्लिन. त्या पुस्तकातून. या दुकानात माझं मत पहिल्यांदा कुणी विचारलं असेल, तर ते त्या पत्र्यासाठी."

"तो नुसता पत्रा आहे, ल्यू."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, की चुकलंच. ल्यूएलानं त्याची बशी उचलली.

"तुझ्यासाठी असेल," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढचे तीन मंगळवार अर्लिन तिकडे फिरकला नाही. नोंदीपुरता आकडा केव्हाच भरला होता, तरी गावातले म्हणू लागले, की म्हातारी एकटी सगळ्या रस्त्याचं रूप अडवून बसलीय. हे कानावर आलं तेव्हा अर्लिनला राग आला, आणि तो आपल्याला ल्यूएलाचा न येता लोकांचा आला, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. चौथ्या मंगळवारी तो गेला. माफी त्याला मागता येत नसे, कधीच आली नव्हती. त्यानं बादली आणि फडकं बरोबर नेलं होतं. शिडी लावून त्यानं तो निळा-हिरवा पत्रा वरपासून खालपर्यंत धुतला. ल्यूएला दारात येऊन बघत राहिली. तो उतरला तेव्हा काउंटरवर हकलबेरी पायची बशी ठेवलेली होती.

मे महिन्याअखेर नीना शेवटच्या पाहणीला आली. मोजत मोजत ती औषधांच्या दुकानापाशी थांबली. रस्ता ओलांडून पलीकडे गेली, परत आली, पत्र्यावर बोटांनी टकटक केलं.

"हा कधी बसवला?"

"त्रेसष्टच्या मे महिन्यात," ल्यूएला म्हणाली. "का? आता तूही उतरव म्हणणार?"

"उतरवू नका," नीना म्हणाली. "पन्नास वर्षं झाली याला, नोंदीला लागतात तेवढी. रंग शाबूत, दुकानाच्या नावाची अक्षरं शाबूत, एक पत्रा बदललेला नाही. त्या काळचं दुकान कसं दिसे, याचा असा नमुना या भागात मी दुसरा पाहिला नाही. हा आता स्वतःच जुना झालाय. असाच नोंदवला जाईल."

ल्यूएला हसू लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अर्लिन मात्र आ वासून उभा. त्याच्या शेडमागे दहा दुकानांचे पत्रे कापून रचलेले होते.

"हे तू मला मागच्या वर्षी सांगितलं असतंस तर?"

नीना जरा ओशाळली. तेव्हा पन्नास भरली नव्हती, म्हणाली. आणि अकराही तसेच राहिले असते, तर रस्ता म्हणून दाखवायला काय उरलं असतं? दहा उतरले हे बरं झालं आणि एक राहिला हेही बरं झालं. अर्लिननं ते मनात घोळवलं. हिशेब त्याला पटला. पटायला दुपार लागली, एवढंच.

पुढच्या वर्षी नोंद झाली. ग्रंथालयात नीनानं कागद वाचून दाखवले. प्रत्येक इमारतीपुढे ती बांधणाऱ्याचं नाव होतं. बहुतेक ठिकाणी 'अज्ञात'. औषधांच्या दुकानापुढे होतं: दर्शनी भाग, अर्लिन ऑस्टबी, पत्रा कारागीर. डॉयल वीलर पहिला टाळ्या वाजवायला लागला. अर्लिननं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि त्या टोपीकडेच बघत बसला.

त्या शरदात डोंगरापलीकडच्या गावातून फोन आला. त्यांच्या ऑपेरा हाउसची कंगणी गंजून गळत होती. कुणीतरी अर्लिनचं नाव सांगितलं होतं. चाळीस मैलांचा रस्ता. मंगळवारी निघायचं ठरलं, म्हणून आदल्या दिवशी तो ल्यूएलाला सांगायला गेला, की उद्या येणं होणार नाही.

"त्या गावाला मी जन्मात गेले नाही," ती म्हणाली.

"जन्मात? चाळीस मैल?"

"दुकान कोण बघणार होतं?"

मंगळवारी सकाळी तिनं दारावर 'बंद' अशी पाटी लावली आणि अर्लिनच्या गाडीत चढून बसली. मागे शिडी, साचे, पत्र्याचे ताव खडखडत होते. तिच्या मांडीवर डब्यात हकलबेरी पाय होता. खिंड चढताना तिनं काच खाली केली. दोन्ही बाजूंची अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती.

"हळू चालव," ती म्हणाली. "बघू दे मला."

अर्लिननं गाडी आणखी हळू केली. मागून एक ट्रक भोंगा वाजवत पुढे निघून गेला.